विशेष सुरक्षा न्यायालयातला देहदंड : खटल्याची नोंद कशी ठेवावी, दाद कुठे मागावी

नायजेरियात लष्करी राजवटीने नेमलेल्या विशेष न्यायाधिकरणाने १९९५ च्या ऑक्टोबरअखेर लेखक आणि पर्यावरण कार्यकर्ते केन सारो-विवा आणि आणखी आठ जणांना फाशी सुनावली. ८ नोव्हेंबरला सत्ताधारी लष्करी मंडळाने शिक्षा कायम केली, १० नोव्हेंबरला नऊही जण फासावर गेले. वरच्या न्यायालयात अपील करण्याची तरतूदच त्या कायद्यात नव्हती. इराणमध्ये सरकारविरोधी निदर्शनांच्या काळात मजिदरेझा रहनवर्द याला १९ नोव्हेंबर २०२२ ला अटक झाली आणि १२ डिसेंबरला मशहदमध्ये जाहीर फाशी. अटकेपासून २३ दिवस.

त्यामुळे या कामात पहिला प्रश्न आरोपी निर्दोष आहे का, हा नसतो. हातात किती दिवस उरलेत, हा असतो. पुढचं सगळं वकील, नातेवाईक आणि मानवी हक्कांचं काम करणाऱ्या कार्यकर्त्यांसाठी आहे. देश कोणताही असो, पद्धत जवळपास हीच राहते.

पहिल्या दिवशीचा एक कागद

एका कागदावर चार उत्तरं लिहून काढा. न्यायालय कोणत्या कायद्याखाली बसलंय? शिक्षा कोणत्या टप्प्यावर आहे? शेवटची सही कोणाची? अपिलाची मुदत किती आणि ती निकाल वाचल्यापासून धरतात की नक्कल मिळाल्यापासून?

‘विशेष न्यायालय’ हा शब्द सगळीकडे एकच असला तरी आतली रचना फार वेगळी असते. इजिप्तच्या आणीबाणी राज्य सुरक्षा न्यायालयांच्या निकालावर अपील नाही. १९५८ च्या आणीबाणी कायद्याप्रमाणे निकाल राष्ट्राध्यक्षांकडे मंजुरीला जातो. तिथली आणीबाणी ऑक्टोबर २०२१ मध्ये उठली, पण आधीच वर्ग झालेले खटले त्याच न्यायालयांत चालू राहिले. म्हणजे तिथे अर्ज न्यायालयाच्या खिडकीवर नाही, मंजुरी देणाऱ्या कार्यालयात करायचा असतो. शिवाय इजिप्तमध्ये देहदंडाआधी प्रकरण मुफ्तींच्या, म्हणजे सर्वोच्च धर्माधिकाऱ्यांच्या मतासाठी पाठवावं लागतं. ते मत बंधनकारक नसतं, तरी कागद तिकडे गेले म्हणजे न्यायालयाचा कल कळला. हालचाल तेव्हापासूनच सुरू करावी, शिक्षा जाहीर होण्याची वाट पाहू नये. सौदी अरेबियात २००८ मध्ये स्थापन झालेल्या विशेष फौजदारी न्यायालयाचा निकाल अपील न्यायालय आणि सर्वोच्च न्यायालयातून जाऊन शेवटी राजाज्ञेपर्यंत पोहोचतो. कागदावर तीन पायऱ्या दिसतात, पण राजाज्ञा झाल्याचं घरच्यांना कळेलच असं नाही. तिथे १२ मार्च २०२२ या एका दिवशी ८१ जणांना देहदंड दिला गेला आणि अनेक कुटुंबांना ते बातम्यांतून समजलं.

निकालाची नक्कल मिळत नसेल तर त्याच दिवशी लेखी अर्ज करा आणि पोच घ्या. कारकून शिक्का मारायला तयार नसेल तर अर्ज टपालाने पाठवून पावती जपा. तेही शक्य नसेल तर वकिलाने ‘अमुक तारखेला, अमुक वाजता गेलो, अमुक कारण सांगून परत पाठवलं’ असं टिपण तारीख घालून सही करून ठेवावं. नक्कल नाही म्हणून अपील थांबवू नका. ‘सविस्तर मुद्दे नक्कल मिळाल्यावर देण्याची मुभा राखून’ असं म्हणून दोन पानांचं अपील मुदतीत दाखल करा. मुदत हुकली की नंतरचा सगळा जोर विलंब माफ करून घेण्यातच जातो.

तारीखवही

सगळ्या कामाचा कणा ही वही. खटला अन्याय्य होता हे विशेषणांनी सिद्ध होत नाही, तारखांनी होतं. ‘अमानुष’, ‘बनावट’, ‘नाटकी खटला’ हे शब्द वाचणाऱ्या अधिकाऱ्याने त्या दिवशी वीस वेळा वाचलेले असतात. ‘अटक ३ तारखेला पहाटे ४ वाजता, सरकारी कागदावर ९ तारीख’ हे वाचून मात्र तो थांबतो.

वहीत सहा रकाने आखा: तारीख आणि वेळ, काय घडलं, कुठे, कोण सांगतं, सरकारी कागद काय म्हणतो, दोन्हींतला फरक. किमान या नोंदी हव्यातच: प्रत्यक्ष अटक, कागदावरची अटक, न्यायाधीशासमोर पहिल्यांदा हजर केलं ती वेळ, वकिलाची पहिली भेट (आणि त्या वेळी खोलीत आणखी कोण होतं), घरच्यांची पहिली भेट, कबुलीजबाब, दोषारोप, खटल्याचे कागद वकिलाच्या हाती पडले तो दिवस, प्रत्येक सुनावणी किती मिनिटं चालली आणि निकाल.

मग आकडेमोड. अटकेपासून न्यायाधीशापर्यंत किती तास गेले? संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क समितीच्या मते साधारण ४८ तास पुरेसे आहेत, त्यापुढचा विलंब अगदी अपवादात्मक कारणानेच चालेल. अल्पवयीनांसाठी २४ तास. दुसरी आकडेमोड पानांची. कुर्द बंडखोरांचे नेते अब्दुल्ला ओजालान यांच्या तुर्कस्तानातल्या १९९९ च्या खटल्यात फाईल सुमारे १७,००० पानांची होती, ती वकिलांना खटला सुरू होण्याच्या जेमतेम दोन आठवडे आधी मिळाली, आणि सुरुवातीच्या भेटींनंतर अशिलाला भेटायला आठवड्यातून दोनदा एकेक तास. युरोपीय मानवी हक्क न्यायालयाने मे २००५ च्या निकालात या मर्यादा खटला अन्याय्य ठरवताना मोजल्या. आपल्या प्रकरणातही ‘पुरेसा वेळ दिला नाही’ असं न लिहिता ‘९,००० पानं, १२ दिवस, म्हणजे दिवसाला ७५० पानं’ असं लिहा. भागाकार वाचणाऱ्यावर सोडू नका.

नेहमी होणारी चूक म्हणजे नातेवाइकांच्या आठवणीतले आकडे तसेच उतरवणं. ‘महिनाभर कोंडून ठेवलं’ असं आई सांगते आणि कागदावर १९ दिवस निघतात. सरकारी उत्तरात नेमका हाच फरक ठळक करून उरलेलं सगळं खोटं ठरवलं जातं. शंका असेल तर ‘१९ ते २२ दिवसांच्या दरम्यान’ असं लिहा आणि पुढे ‘आईच्या सांगण्यावरून’ हेही जोडा.

कबुलीजबाब

विशेष सुरक्षा न्यायालयांतले बहुतेक देहदंड कबुलीजबाबावर उभे असतात, म्हणून इथे जास्तीत जास्त वेळ द्या.

तो कुठे लिहिला गेला, कोणी लिहिला, आरोपीला त्या भाषेत वाचता येतं का, वकील हजर होता का, तारीखवेळ आहे का, प्रत्येक पानावर सही आहे की फक्त शेवटच्या, हे आधी पाहा. मग शब्द पाहा. कमी शिकलेल्या माणसाच्या तोंडी ‘सदर कटाच्या अनुषंगाने’ अशी भाषा असेल तर ते वाक्य जसंच्या तसं उतरवून घ्या. सहआरोपींचे कबुलीजबाब मिळाले तर शेजारी शेजारी ठेवून सारखी वाक्यं, सारख्या चुका, सारखंच चुकलेलं एखादं नाव रंगाने खुणावून तक्ता करा. मुंबईतल्या २००६ च्या लोकलगाड्यांमधल्या बॉम्बस्फोटांच्या खटल्यात मकोका न्यायालयाने २०१५ मध्ये ५ जणांना फाशी आणि ७ जणांना जन्मठेप दिली होती. मुंबई उच्च न्यायालयाने २१ जुलै २०२५ रोजी बाराही जणांना निर्दोष ठरवलं, तेव्हा कबुलीजबाबांतला एकसारखा मजकूर हे कारणांपैकी एक होतं. (तीन दिवसांनी सर्वोच्च न्यायालयाने त्या निकालाचा पूर्वदाखला म्हणून वापर करायला स्थगिती दिली, सुटलेल्यांना मात्र परत तुरुंगात पाठवलं नाही.)

त्यानंतर कबुलीजबाब बाजूला ठेवला तर पुराव्यात काय उरतं, ते अर्ध्या पानात मांडा. अनेकदा काहीच उरत नाही. संयुक्त राष्ट्रांच्या आर्थिक व सामाजिक परिषदेने १९८४ मध्ये मान्य केलेल्या संरक्षक तत्त्वांनुसार, वस्तुस्थितीचा दुसरा अर्थ लावायला जागाच उरणार नाही इतका स्पष्ट पुरावा असेल तरच देहदंड देता येतो. तुमचं अर्धं पान या कसोटीला थेट जोडा.

छळाचा आरोप असेल तर घाई करा. वळ आणि काळेनिळे डाग दिवसागणिक फिके होतात. मोजपट्टी शेजारी ठेवून फोटो, शरीराच्या आकृतीवर खुणा, प्रत्येक खुणेचं माप सेंटिमीटरमध्ये, रंग, आणि ती कशाने झाली हे आरोपीच्याच शब्दांत. इस्तंबूल प्रोटोकॉल या नावाने ओळखली जाणारी, १९९९ मध्ये आलेली आणि २०२२ मध्ये सुधारलेली नियमावली डॉक्टरांनी पाळायची पद्धत सांगते. दुखापत आणि सांगितलेलं कारण एकमेकांशी किती जुळतं याच्या पायऱ्याही त्यात ठरलेल्या आहेत. डॉक्टरकडून त्याच शब्दांत अहवाल मागा. नुसतं ‘मारहाण झाली असावी’ हे वाक्य कुठेच टिकत नाही. वेळ निघून गेली असेल तरी मानसोपचारतज्ज्ञाची तपासणी महिन्यांनंतरही उपयोगी पडते. तुरुंगातल्या डॉक्टरचं ‘कोणतीही जखम नाही’ हे प्रमाणपत्रही ठेवा. ते किती मिनिटांत झालं, पोलीस खोलीत होते का, कपडे काढून तपासलं का, हे कळलं की ते प्रमाणपत्र सरकारच्याच गळ्यात येतं.

आरोपीशी बोलताना ‘तुला मारलं ना?’ असं विचारू नका. ‘त्या खोलीत नेल्यावर काय झालं?’ असं विचारा आणि गप्प बसा. आणि पहारेकरी ऐकत असेल तर विचारूच नका. उत्तराची किंमत आरोपीला कोठडीत परत गेल्यावर मोजावी लागते.

छळाचा विश्वासार्ह आरोप पुढे आला की जबाब राजीखुशीने दिला हे सिद्ध करण्याची जबाबदारी सरकारवर येते, आणि छळविरोधी कराराचं कलम १५ अशा जबाबाचा पुरावा म्हणून वापर करायला मनाई करतं. पण आरोप पहिल्या संधीला न्यायाधीशासमोर मांडला होता का, हा प्रश्न विचारला जातोच. मांडला असेल तर कोणत्या तारखेच्या रोजनाम्यात ते आलंय ते शोधा. मांडला आणि न्यायाधीशाने लिहून घेतला नाही, असंही फार घडतं. अशा वेळी वकिलाने त्याच दिवशी लेखी अर्ज ठेवावा, म्हणजे तो फेटाळण्यासाठी तरी कागद तयार होतो.

न्यायपीठ आणि बंद दार

न्यायाधीश कोणी नेमले, किती काळासाठी, त्यांना काढायचा अधिकार कोणाकडे, लष्करी किंवा गृहखात्याचा माणूस पीठावर आहे का? ओजालान यांच्या खटल्यात राज्य सुरक्षा न्यायालयावरचा लष्करी न्यायाधीश शेवटच्या आठवड्यात बदलून मुलकी न्यायाधीश आणला गेला आणि २९ जून १९९९ रोजी फाशीची शिक्षा सुनावली गेली. मधेच माणूस बदलल्याने आधीच्या कामकाजावरचा दोष पुसला जात नाही, असं युरोपीय न्यायालयाने म्हटलं. ती शिक्षा २००२ मध्ये जन्मठेपेत बदलली आणि तुर्कस्तानची राज्य सुरक्षा न्यायालयं २००४ मध्ये बंद झाली.

विशेष न्यायालय आहे म्हणजे खटला आपोआप बेकायदा ठरत नाही. नागरी आणि राजकीय हक्कांच्या आंतरराष्ट्रीय कराराचं कलम १४ (न्याय्य खटल्याचा हक्क) अशा न्यायालयांनाही लागू आहे, एवढाच त्याचा अर्थ. बंद दाराआडच्या सुनावणीचंही तसंच. राष्ट्रीय सुरक्षेच्या कारणाने लोकांना बाहेर ठेवायला हा करार मुभा देतो, पण काही ठरावीक अपवाद सोडले तर निकाल जाहीर व्हावाच लागतो. म्हणून नुसतं ‘गुप्त खटला’ लिहू नका. दार बंद करण्याचा कारणांसहित आदेश होता का, संपूर्ण सुनावणीला की काही साक्षींपुरता, आणि निकाल कोणी ऐकला, ते लिहा.

वकिलाच्या बाबतीत ‘वकील होता’ हे सरकारचं आवडतं उत्तर. कोणी निवडलेला? इराणच्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम ४८ खालच्या टिपेनुसार राष्ट्रीय सुरक्षेच्या खटल्यांत तपासाच्या काळात न्यायसंस्थेच्या प्रमुखाने मान्य केलेल्या यादीतलाच वकील घ्यावा लागतो. अशा वकिलाने किती प्रश्न विचारले, किती साक्षीदार मागितले, किती अर्ज केले, ते मोजा. शून्य आले तर तो शून्य लिहा, वकिलाला शिव्या देऊ नका. त्याच्यावरही दबाव असू शकतो आणि पुढे त्याचंच शपथपत्र लागू शकतं.

‘देशात आणीबाणी आहे’ असं उत्तर आलं तर कराराच्या कलम ४ मध्ये जा. आणीबाणीत काही हक्क स्थगित करता येतात, जगण्याचा हक्क सांगणारं कलम ६ मात्र नाही. म्हणून ज्या खटल्याचा शेवट देहदंडात होऊ शकतो, त्यात आणीबाणीतही कलम १४ च्या सगळ्या अटी पाळाव्या लागतात. अन्याय्य खटल्यानंतरचा देहदंड हा कलम ६ चाही भंग ठरतो, आणि प्रत्येक पत्रात हे वाक्य हवं.

आरोप आणि वय

प्रत्येक आरोपाचं कलम, त्याची शिक्षा आणि त्यात जाणूनबुजून जीव घेतल्याचा आरोप आहे का, हे तीन रकान्यांत मांडा. मानवी हक्क समितीने २०१८ च्या सामान्य टिप्पणीत ‘अत्यंत गंभीर गुन्हे’ याचा अर्थ हेतुपूर्वक केलेल्या हत्येपुरता मर्यादित केला. ‘देवाशी वैर’, ‘पृथ्वीवर भ्रष्टाचार’, ‘राज्यकर्त्याची आज्ञा मोडणं’ असे आरोप या कसोटीवर टिकत नाहीत. दहापैकी सात आरोप निदर्शनं आणि घोषणांचे असतील तर तसं मोजून सांगा.

घटनेच्या दिवशी आरोपीचं वय १८ पेक्षा कमी होतं का, हे प्रत्येक प्रकरणात तपासा, तो आज चाळिशीचा असला तरी. हिजरी चांद्र दिनदर्शिकेत इथे मोठी चूक होते. चांद्र वर्ष सुमारे ३५४ दिवसांचं असल्याने १८ चांद्र वर्षं म्हणजे सौर मोजणीत जवळपास १७ वर्षं साडेपाच महिने. निकालपत्रात ‘वय १८’ लिहिलेला आरोपी प्रत्यक्षात अल्पवयीन असू शकतो. जन्मदाखला, लसीकरणाचं कार्ड, शाळेचा दाखला यांपैकी दोन तरी मिळवा आणि रूपांतर कोणत्या पद्धतीने केलं ते लिहून ठेवा.

दाद कुठे मागायची

संयुक्त राष्ट्रांच्या विशेष प्रतिवेदकांकडे, म्हणजे एकेका विषयासाठी नेमलेल्या स्वतंत्र तज्ज्ञांकडे (मनमानी हत्या, छळ, दहशतवादविरोधी कारवाईतले मानवी हक्क, न्यायाधीश व वकिलांचं स्वातंत्र्य) तातडीचं आवाहन कधीही पाठवता येतं. देशाने कोणता करार मान्य केला आहे किंवा स्थानिक अपील संपलं आहे का, याची अट नाही, म्हणून घाईच्या वेळी सुरुवात इथूनच करा. एकाच अर्जात अनेक प्रतिवेदक निवडता येतात. मनमानी अटकेवरच्या कार्यगटाकडे वेगळा अर्ज करता येतो. तिथे लेखी मत मिळतं, पण वेळ लागतो. मानवी हक्क समितीकडे वैयक्तिक तक्रार केली तर ती देहदंड रोखण्याची अंतरिम विनंती सरकारला करू शकते. मात्र त्यासाठी देशाने नागरी आणि राजकीय हक्कांच्या कराराचा पहिला ऐच्छिक प्रोटोकॉल (वैयक्तिक तक्रारींना वाट देणारा जोडकरार) मान्य केलेला हवा. इराण, इजिप्त, बहरीन, भारत यांनी तो केलेला नाही. सौदी अरेबिया तर मूळ करारातच नाही. हे न पाहता तक्रार धाडली की मोलाचे दहा दिवस वाया जातात. आफ्रिकेत मानवी हक्कांचा आफ्रिकी आयोग आहे. ताबा नावाच्या गावातल्या बॉम्बस्फोटांच्या खटल्यात इजिप्तच्या आणीबाणी न्यायालयाने २००६ मध्ये तिघांना दिलेल्या देहदंडावर त्याने २०११ मध्ये सरकारविरुद्ध निर्णय दिला.

आरोपी परका नागरिक असेल तर १९६३ च्या व्हिएन्ना कराराच्या कलम ३६ प्रमाणे वाणिज्य दूतावासाशी संपर्काचा हक्क कधी सांगितला, ते पहिल्याच दिवशी विचारा. कुलभूषण जाधव यांना पाकिस्तानच्या लष्करी न्यायालयाने एप्रिल २०१७ मध्ये फाशी सुनावली. आंतरराष्ट्रीय न्यायालयाने १७ जुलै २०१९ रोजी या कलमाचा भंग झाल्याचं ठरवून शिक्षेचा परिणामकारक फेरविचार करायला सांगितलं. शिक्षा रद्द केली नाही, सुटकाही नाही. या मार्गातून काय मिळतं आणि काय नाही, ते घरच्यांना आधीच सांगावं.

पत्र दोन पानांपेक्षा लांब नको. पहिल्या तीन ओळींत पूर्ण नाव, जन्मतारीख, न्यायालय, खटला क्रमांक, शिक्षेची तारीख आणि अंमलबजावणी कधी होऊ शकते. मग तारीखवहीतले सर्वांत मोठे पाच-सहा फरक, मग कबुलीजबाब, मग काय हवं: अंमलबजावणी थांबवा, छळाची चौकशी करा, देहदंडाशिवाय नव्याने खटला चालवा. नाव मूळ लिपीत आणि वडिलांच्या नावासह द्या. अरबी-फारसी नावं रोमन लिपीत पाच तऱ्हांनी लिहिली जातात आणि एकाच माणसाच्या दोन फाइली तयार होतात.

आरोपीची, ते अशक्य असेल तर जवळच्या नातेवाइकाची संमती घ्या आणि तारखेसह नोंदवा. अशी पत्रं साधारण ६० दिवसांनंतर सार्वजनिक होतात, तेव्हा साक्षीदारांची नावं आद्याक्षरांत ठेवा आणि ‘हे गोपनीय ठेवा’ असं स्पष्ट लिहा. फोटो पाठवताना त्यातली ठिकाणाची माहिती काढून टाका. प्रसिद्धी द्यायची की गुपचूप काम करायचं, हा निर्णय कुटुंबाचा. बाहेरच्या संस्थेने उत्साहात नाव फोडलं आणि धाकट्या भावाला उचललं, असं होऊ शकतं.

शिक्षा कायम झाल्यावर

दयेचा अर्ज करण्याचा हक्क नागरी आणि राजकीय हक्कांच्या कराराच्या कलम ६ (४) मध्ये आहे आणि तो अपिलापेक्षा वेगळा आहे. ‘चूक झाली, माफ करा’ या भाषेत लिहिलेला अर्ज पुढच्या सुनावणीत कबुली म्हणून वाचला जातो; ‘दोष मान्य न करता’ हे शब्द पहिल्याच ओळीत घाला. अपील किंवा दयेचा अर्ज प्रलंबित असताना देहदंड देऊ नये, असं १९८४ ची तत्त्वं सांगतात, म्हणून अर्जाची पोच त्याच दिवशी सगळीकडे पाठवा.

कैद्याला अचानक एकांत कोठडीत हलवणं, घरच्यांना न मागता भेटीला बोलावणं, फोन बंद होणं या खुणा दिसल्या की काही तासच उरलेले असू शकतात. तुरुंगातून फोन आला तर वेळ, नंबर आणि बोलणाऱ्याचे शब्द लगेच लिहून घ्या. वर दिलेलं दोन पानांचं पत्र आधीच तयार असेल तर फक्त पहिली ओळ बदलावी लागते.

देहदंड झालाच तर मृत्यूचा दाखला, वेळ, दफनाची जागा आणि मृतदेह यांची लेखी मागणी करा, नकार आला तर तोही लेखी मागा. फाईल बंद करू नका. त्याच कबुलीजबाबात नाव आलेले सहआरोपी अजून आत असतात, आणि त्यांच्या वकिलाला लागणारा तक्ता तुमच्याच वहीत आहे.